वाल्डेमार हाफकिन

मुंबईच्या परळ भागातील हाफकिन संस्थेचे नाव ठाऊक नाही असा वाचक आमच्या मंडळ्यांत विरळाच. सर्पदंशावरचे औषध तेथे तयार होते, आणि आपल्या लेकरांच्या तोंडात पडलेले पोलिओचे थेंबही त्याच नावाच्या कारखान्यातून आले. पण हे हाफकिन कोण, असे विचारले तर पुष्कळजण गप्प बसतात. कोणाला ते इंग्रज अधिकारी वाटतात, कोणाला मिशनचे डॉक्टर. ते इंग्रज नव्हते, मिशनरी नव्हते आणि खरे म्हणजे डॉक्टरही नव्हते. रशियात जन्मलेले ते एक यहूदी प्राणिशास्त्रज्ञ होते, आणि शेवटपर्यंत यहूदीच राहिले. ख्रिस्ती मासिकात त्यांचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न कोणी करील. त्याचे उत्तर पुढील हकीगतीत वाचकांना मिळेल असे आम्हांस वाटते.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्रावरील ओडेसा या बंदरात झाला. तेथील विद्यापीठात मेचनिकॉव्ह या मोठ्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली ते शिकले. यहूद्यांच्या घरांवर हल्ले होऊ लागले तेव्हा आपल्या लोकांचे रक्षण करणाऱ्या तरुणांत ते सामील झाले, जखमी झाले व पकडलेही गेले. मेचनिकॉव्ह यांनी रदबदली केली म्हणून सुटले. त्या काळच्या रशियात यहूदी माणसाला प्राध्यापकाची जागा मिळणे जवळजवळ अशक्य होते. राजाच्या मंडळीत बाप्तिस्मा घेतला तर मात्र वाट मोकळी होत असे, आणि असा बाप्तिस्मा घेणारे त्या काळी होतेही. हाफकिन यांनी तो घेतला नाही. संग्रहालयातील लहानशा नोकरीवर त्यांनी वर्षे काढली. आमच्या वाडवडिलांवर पोटासाठी धर्म बदलल्याचा आळ वारंवार आला आहे. तेव्हा पोटासाठी बाप्तिस्मा नाकारणाऱ्या या तरुणाची किंमत आपल्याला इतरांपेक्षा अधिक कळावी.

१८८८ साली त्यांनी देश सोडला. प्रथम जिनिव्हाला आणि मग पॅरिसला पाश्चर यांच्या संस्थेत ते गेले. तेथे शास्त्रज्ञाची जागा रिकामी नव्हती, ग्रंथपालाची होती. त्यांनी तीच पत्करली. दिवसा पुस्तके सांभाळायची आणि उरलेल्या वेळी प्रयोगशाळेत बसायचे, असा क्रम सुरू झाला. त्यांनी जो रोग हाती घेतला तो होता पटकी.

पटकी म्हणजे आपल्या आजी-आजोबांची महामारी, खेड्यापाड्यांतली जरीमरी. हा आतड्यांचा रोग. घाणीने दूषित झालेल्या पाण्यातून त्याचा जंतू पोटात जातो आणि लहान आतड्यात वाढतो. त्याच्या विषाने शरीरातले पाणी आतड्यात झिरपू लागते. मग तांदळाच्या धुवणासारखे जुलाब, उलट्या, पायांत गोळे, डोळे खोल गेलेले. सकाळी शेतावर गेलेला माणूस संध्याकाळपर्यंत संपलेला. हा जंतू कोख या जर्मन शास्त्रज्ञाने १८८३-८४ मध्ये इजिप्तमध्ये व कलकत्त्यात ओळखला होता. उपाय मात्र कोणापाशी नव्हता. आपल्याकडे तर यात्रेच्या गर्दीबरोबर पटकी गावोगाव जाई.

हाफकिन यांनी जंतू गिनीपिगच्या पोटातून पुनःपुन्हा नेऊन आधी अतिशय तीव्र केला आणि त्याचेच दुसरे वाण उष्णतेने व हवेने सौम्य केले. आधी सौम्य, मग तीव्र, अशा दोन टोचण्या कातडीखाली द्यायच्या, ही त्यांची युक्ती. जनावरांवर ती लागू पडली. माणसावर पडेल काय? १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी पहिली टोचणी स्वतःच्या अंगात घेतली. ताप आला, टोचलेली जागा ठणकली, काही दिवसांनी दुसरीही घेतली. त्यानंतर त्यांच्या तीन रशियन मित्रांनी घेतली. मगच त्यांनी आपले काम विद्वानांपुढे मांडले.

लसीची खरी परीक्षा पटकीच्या मुलखातच होणार होती. पूर्वी हिंदुस्थानचे व्हाइसरॉय असलेले लॉर्ड डफरिन त्या वेळी पॅरिसमध्ये ब्रिटिश वकील होते. त्यांच्या प्रोत्साहनाने हाफकिन मार्च १८९३ मध्ये कलकत्त्यास उतरले. लोकांचा विश्वास बसेना. परका माणूस, हातात सुई, आणि सुईत रोगाचेच बी! चौधरी, घोष, चटर्जी व दत्त या बंगाली डॉक्टरांनी त्यांना साथ दिली. वस्तीत जायचे, लोकांदेखत आधी स्वतःला टोचून घ्यायचे आणि मग दुसऱ्याकडे वळायचे, अशी त्यांची रीत होती. १८९४ साली कलकत्त्याच्या काटाल बागान वस्तीत सुमारे २०० लोकांपैकी ११६ जणांनी टोचून घेतले. त्यानंतर तेथे पटकीने जे पडले ते न टोचलेल्यांपैकीच होते.

पुढे आसामच्या चहामळ्यांत, तुरुंगांत, पलटणींत ते हिंडले. १८९५ मध्ये हिवतापाने खंगून युरोपला परतले तोवर ४२ हजारांहून अधिक माणसांना टोचून झाले होते. येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. ही लस पटकी होण्याचे प्रमाण कमी करी, पण ज्याला पटकी झालीच त्याला ती वाचवीत नसे, आणि हे हाफकिन यांनी स्वतःच नोंदवून ठेवले. पडलेल्याला उठवण्याचा साधा उपाय, म्हणजे मीठ-साखरेचे पाणी, मोठ्या प्रमाणावर सिद्ध व्हायला १९७१ साल उजाडावे लागले. ते काम बंगालच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी केले.

हाफकिन पुन्हा हिंदुस्थानात आले ते १८९६ मध्ये, आणि त्याच वर्षी मुंबईत प्लेग फुटला. सप्टेंबरात मांडवीत डॉ. व्हिएगस यांनी तो ओळखला. सरकारने हाफकिन यांना बोलावून घेतले. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ते पोहोचले. त्यांना प्रयोगशाळा म्हणून ग्रँट मेडिकल कॉलेजातला एक व्हरांडा मिळाला आणि माणसे मिळाली चार: एक कारकून व तीन शिपाई. या चौघांविषयी आम्हांला फार वाटते. त्यांची नावे कोणाच्या तोंडी नाहीत. जंतू म्हणजे काय हे त्यांना कोणी शिकवले नव्हते. बाहेर शहर ओस पडत चालले होते, गाड्या भरभरून लोक गावी पळत होते, आणि यांना प्लेगच्या विषाने भरलेली भांडी हाताळायची होती. तीन महिने हे काम रात्रंदिवस चालले. एका साहाय्यकाचे मन खचून तो आजारी पडला, दोघे नोकरी सोडून गेले. त्यांना भ्याड म्हणणे सोपे आहे. आमच्या मते ते जितके दिवस टिकले तेच नवल.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी प्लेगची लसही प्रथम स्वतःला टोचली, आणि पुढे इतरांना जी मात्रा द्यायची तिच्याहून मोठी घेतली. ताप अंगात असताना ते कामावर गेले. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना टोचण्यात आले.

त्याच वर्षी दमणमध्ये प्लेग शिरला. दमण तेव्हा पोर्तुगीजांचे होते, जसे सिल्वासा, खडोली व सगळी नगर हवेली होती. आज हे दोन्ही मुलूख पुन्हा एका कारभाराखाली आले आहेत, तेव्हा तिकडच्या आमच्या वाचकांनी ही हकीगत आपल्या घरची म्हणून वाचावी. दमणच्या एका भागात ८,२३० लोक होते. त्यांपैकी २,१९७ जणांनी टोचून घेतले; त्यांत ३६ दगावले. उरलेल्या ६,०३३ जणांपैकी १,४८२ दगावले. म्हणजे टोचलेल्यांत शंभरी दोनसुद्धा नाहीत, आणि न टोचलेल्यांत चौघांमागे जवळजवळ एक.

इकडे पुण्यात प्लेगच्या नावाखाली घरझडत्या चालल्या होत्या. प्लेगग्रस्तांची सेवा करता करता मार्च १८९७ मध्ये सावित्रीबाई फुले गेल्या. पंडिता रमाबाईंनी सरकारी व्यवस्थेतील स्त्रियांच्या हालांविरुद्ध वर्तमानपत्रात आवाज उठवला. जूनमध्ये रँडवर गोळी झाडली गेली. अशा दिवसांत सरकारी सुईवर कोण विश्वास ठेवणार? तरी मुंबईच्या खोजा समाजाचे तरुण प्रमुख आगाखान यांनी लोकांसमोर स्वतः टोचून घेतले आणि प्रयोगशाळेसाठी आपली जागाही दिली. त्यांच्या अनुयायांपैकी हजारो लोक पुढे आले. ऑगस्ट १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर-बंगल्यात गेली. ही वास्तू मूळची पोर्तुगीज काळातील ख्रिस्ती मठाची. जेथे एकेकाळी प्रार्थना होत, मग मेजवान्या झडत, तेथे आता बाटल्या भरल्या जाऊ लागल्या.

आणि मग मुल्कोवाल आले. पंजाबात प्लेग इतका पसरला की लाखो मात्रांची मागणी झाली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी मुल्कोवाल या खेड्यात १०७ जणांना टोचले. त्यांपैकी ज्या १९ जणांना ५३ क्रमांकाच्या एकाच बाटलीतून लस मिळाली ते सर्व धनुर्वाताने मेले. एकोणीस घरे उजाड झाली. हे आपण आधी लक्षात ठेवू, कारण पुढच्या वादात त्यांचा विसर पडतो.

चौकशी समिती नेमली गेली. मुंबईचे मुख्य न्यायाधीश तिचे अध्यक्ष होते. लस लवकर तयार व्हावी म्हणून हाफकिन यांनी कार्बॉलिक ॲसिड घालणे सोडून केवळ उष्णतेने जंतू मारण्याची पद्धत धरली होती. पॅरिसमध्ये तीच चालू होती. समितीने दोष परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला. हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले आणि ते युरोपला निघून गेले. ते सरकारी वैद्यकीय खात्यातले नव्हते, वैद्य नव्हते, इंग्रज नव्हते, आणि यहूदी होते. त्यांचा कैवार घ्यायला खात्यात कोण बसले होते?

खरी गोष्ट पुराव्यातच पडून होती. मुल्कोवालला बाटली उघडताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करताच पुन्हा वापरला गेला. धनुर्वाताचा जंतू मातीत असतो. बाटली परळला नव्हे, त्या अंगणात बिघडली. लंडनच्या लिस्टर संस्थेने पुरावा तपासून पाहिला. हिवतापाच्या डासाचा शोध लावणारे सर रोनाल्ड रॉस यांनी लेखणी उचलली. जुलै १९०७ मध्ये रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र प्रसिद्ध करून आरोप खोटा ठरल्याचे जाहीर केले. घटनेला पाच वर्षे होत आली होती.

शब्बाथ शाळेत योसेफाचा धडा घेताना, तुरुंगातून बाहेर आलेला योसेफ थेट सिंहासनाजवळ गेला हे आपण मुलांना आनंदाने सांगतो. हाफकिन यांचे तसे झाले नाही. सरकारने त्यांना पुन्हा बोलावले, पण परळला नाही. कलकत्त्याला प्रयोगशाळा दिली, आणि लस तयार करण्याची मुभा मात्र दिली नाही. ज्याने दोन लसी आधी आपल्या अंगावर घेतल्या त्याला लसीपासूनच दूर ठेवले. तेथे त्यांनी मुकाट्याने संशोधन केले, आणि पंचावन्नाव्या वर्षी निवृत्त होऊन फ्रान्सला गेले. त्यांची लस मात्र परळहून जातच राहिली. पटकीची टोचणीही सर्वांच्या ओळखीची झाली. पंढरपूरच्या वारकऱ्यांना यात्रेपूर्वी ती घ्यावी लागे हे जुन्या माणसांना आठवत असेल.

उतारवयात ते आपल्या पूर्वजांच्या धर्माकडे अधिकच वळले. नियमशास्त्र काटेकोर पाळू लागले व त्याच्या समर्थनार्थ त्यांनी १९१६ मध्ये एक निबंधही लिहिला. लग्न त्यांनी केले नव्हते. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले, तेव्हा ते पासष्ट वर्षांचे होते. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे ते वारले. साठवलेला पैसा त्यांनी आदल्याच वर्षी एका निधीत ठेवला होता. पूर्व युरोपातील गरीब यहूदी मुलांच्या धर्मशाळांना त्यातून मदत जाऊ लागली.