हजेरीचा जाच आणि शाहू छत्रपती

चोरी झाली म्हणजे पुरावा काय हे न पाहता गावाबाहेर कोणाची पाले उतरली आहेत हे आधी पाहावयाचे, ही खोड आमच्या समाजास फार जुनी आहे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी याच करवीरात ती खोड मोडू पाहणाऱ्या श्रीशाहू छत्रपतींचे चरित्र त्या एका अंगाने वाचकांपुढे ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलकर घाटग्यांच्या घराण्यात झाला. मूळ नाव यशवंतराव. १८८४ साली आनंदीबाईसाहेबांनी त्यांस दत्तक घेतले आणि २ एप्रिल १८९४ रोजी राज्याची सूत्रे त्यांच्या हाती आली. १९०२ साली त्यांनी मागासलेल्या वर्गांसाठी सरकारी नोकरीतील रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा राखून ठेविल्या; १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. ही कृत्ये सर्वश्रुत आहेत. परंतु आम्हां कायद्याच्या अभ्यासकांस त्यांचे आणखी एक कृत्य तितकेच थोर वाटते.

इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. सरकारने जाहीरनामा काढला की सबंध जमात गुन्हेगार ठरे, आणि तो जाहीरनामा योग्य की अयोग्य हे तपासण्याची कोणत्याही कोर्टास मुभा नव्हती. आरोप नाही, साक्षीदार नाही, बचाव नाही. जन्म हाच पुरावा! संस्थानी मुलखातही हजेरीचा जाच होताच. ज्याने कधी काडी उचलली नाही अशा माणसानेही नित्य हजेरी द्यावी, मग मजुरी बुडो की घरी कोणी आजारी असो.

१९१८ साली महाराजांनी आपल्या राज्यात महार, मांग, रामोशी व बेरड यांची ही हजेरी बंद केली. फासेपारध्यांस तर जवळ करून कामास लाविले. पुढे अस्पृश्य वर्गातील लायक माणसांस त्यांनी वकिलीच्या सनदा दिल्या. या दोन कृत्यांचा संबंध आम्हांस उघड दिसतो. संशय दूर करणे ही एक पायरी; कोर्टात उभे राहून बोलण्याचा अधिकार ही दुसरी. ज्याच्या बाजूने बोलणारा कोणी नाही, त्याला कायद्याचे संरक्षण कागदावरच राहते.

६ मे १९२२ रोजी मुंबई मुक्कामी महाराज निवर्तले. तो १८७१ च्या कायद्याचा वारसा रद्द होण्यास १९५२ साल उजाडावे लागले. आज संविधान सांगते की अटकेचे कारण आरोपीस कळविले पाहिजे, त्यास आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेता आला पाहिजे, आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत त्यास मॅजिस्ट्रेटपुढे उभे केले पाहिजे. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेतही हीच बंधने आहेत.

अशा बंधनांनी चोरांचे फावते, असे आमचे काही व्यापारी बंधू म्हणतात. त्यांस आम्ही नम्रपणे विचारतो की, भलताच मनुष्य कोठडीत बसला असता खरा चोर कोठे असतो? तो मोकळाच असतो, आणि आपल्या दुकानाचे कुलूप पुन्हा न्याहाळीत असतो. पुराव्याचा आग्रह आरोपीइतकाच फिर्यादीच्याही हिताचा आहे.

१८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच आपल्या शहरी बसू लागले, ही आनंदाची गोष्ट खरी. परंतु न्यायाची पहिली कसोटी चौकीच्या उंबऱ्यावरच लागते. तेथे फिर्याद देताना जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच सांगावे, जातीचे नाव सुचवू नये, एवढे जरी आमच्या वाचकांनी पाळले तरी महाराजांनी बंद केलेली हजेरी खऱ्या अर्थाने बंद झाली, असे आम्ही समजू.