विश्लेषण : ‘इन्स्टंट’ नूडल्सचे जनक मोमोफुकू आंदो कोण होते?

शाळेच्या सुट्टीतल्या नाश्त्यापासून वसतिगृहातल्या मध्यरात्रीच्या भुकेपर्यंत कामी येणारे नूडल्सचे पाकीट आपल्याकडे बहुतेकांना ‘मॅगी’ याच नावाने ठाऊक आहे. पण नूडल्स आधीच शिजवून, तळून, कोरड्या करून विकण्याचा उद्योग उभा केला तो जपानमधील मोमोफुकू आंदो यांनी. तेव्हा त्यांचे वय होते ४८ आणि वर्षभरापूर्वीच ते पुरते बुडाले होते.

तैवान ते तुरुंग

आंदो यांचा जन्म ५ मार्च १९१० रोजी तैवानमध्ये झाला. तैवान तेव्हा जपानच्या ताब्यात होते. आईवडील लहानपणीच गेले, आजीआजोबांनी वाढवले. आजोबांचे कापडाचे दुकान होते. नातूही विशीत कापडाच्याच धंद्यात उतरला आणि १९३३ मध्ये ओसाकाला आला. ‘मोमोफुकू’ हा मूळ चिनी नावातल्याच अक्षरांचा जपानी उच्चार, तर आंदो हे पत्नी मासाको यांचे आडनाव.

महायुद्धानंतर ओसाकात अन्नाची भीषण टंचाई होती. उमेदा स्थानकामागच्या काळ्या बाजारात रामेनच्या एका टपरीपुढे थंडीत कुडकुडत लांबच लांब रांग उभी असलेली आंदोंनी पाहिली. अमेरिकेतून मदतीचा गहू येत होता आणि सरकार लोकांना पाव खायला सांगत होते. त्याच गव्हाच्या नूडल्स का नकोत, हा प्रश्न त्यांच्या मनात राहिला. पुढे १९४८ मध्ये करचुकवेगिरीच्या प्रकरणात त्यांना तुरुंगवास झाला. विद्यार्थ्यांना दिलेल्या शिष्यवृत्त्यांचा चुकीचा अर्थ लावला गेला, अशी त्यांची बाजू होती. सुटकेनंतर ते एका पतसंस्थेचे प्रमुख झाले. १९५७ मध्ये ती पतसंस्थाही बुडाली. इकेदा गावातले घर तेवढे उरले.

घरामागच्या शेडमध्ये काय घडले?

आंदोंनी अंगणात छोटी शेड उभारली. एक जुने नूडल यंत्र, मोठी कढई, पीठ, तेल एवढेच सामान. झोप जेमतेम चार तास. नूडल्स चविष्ट, टिकाऊ, स्वस्त, सुरक्षित आणि चटकन होणाऱ्या हव्यात, असे त्यांनी ठरवले होते. चव जमली, पण नूडल्स टिकेनात. वाळवल्या तर पुन्हा मऊ व्हायला फार वेळ लागे.

उत्तर स्वयंपाकघरात मिळाले. मासाको तेम्पुरा तळत होत्या. पिठात घोळवलेली भाजी गरम तेलात पडताच बुडबुडे येतात, म्हणजे पिठातले पाणी वाफ होऊन निघून जाते. नूडल्सचेही तेच. वाफवलेल्या नूडल्स तळल्या की पाणी जाते आणि मागे असंख्य सूक्ष्म छिद्रे राहतात. उकळते पाणी त्याच छिद्रांतून आत शिरते. आपल्या कुरडया आठवून पाहा. चीक आधी शिजवायचा, मग उन्हात वाळवायचा. आंदोंनी उन्हाचे काम तेलाकडून करून घेतले.

ही गोष्ट कंपनीने वर्षानुवर्षे सांगून चकचकीत केली आहे, हेही खरे. तळलेल्या नूडल्स चिनी स्वयंपाकात आधीपासून होत्या. मात्र त्या कारखान्यात बनवून घरोघरी पोहोचवणे, ही आंदोंची कामगिरी कोणी नाकारत नाही.

चिकनच का?

२५ ऑगस्ट १९५८ रोजी ‘चिकन रामेन’ बाजारात आले. किंमत ३५ येन, म्हणजे ताज्या उदोन नूडल्सच्या सुमारे सहापट! स्वस्ताईचे उद्दिष्ट त्या दिवशी तरी हुकलेच होते. तरीही माल खपला. उत्पादन वाढले तसा भावही आवाक्यात आला. चिकन निवडण्यामागे हिशेब होता. काही धर्मांत गोमांस चालत नाही, काहींत डुकराचे मांस; कोंबडीला तशी धार्मिक आडकाठी नाही. शाकाहारी भारत मात्र या हिशेबात बसला नव्हता.

कप कुठून आला?

१९६६ मध्ये अमेरिकेत गेले असताना तिथले लोक चिकन रामेन मोडून कागदी कपात टाकतात आणि काट्याने खातात, हे आंदोंनी पाहिले. वाडगा आणि चॉपस्टिक घरोघरी नसतात, हे त्यांच्या लक्षात आले. १८ सप्टेंबर १९७१ रोजी ‘कप नूडल’ आले. १९७२ च्या फेब्रुवारीत आसामा-सान्सो ओलीस प्रकरणात बर्फात उभे पोलीस ते खाताना थेट प्रक्षेपणात दिसले आणि मागणी उसळली.

मग मॅगीचे काय?

ज्युलियस मॅगी हे स्वित्झर्लंडचे सूप उत्पादक. ते १९१२ मध्येच वारले. त्यांनी या नूडल्स कधी पाहिल्याही नाहीत. भारतात त्यांच्या नावाच्या नूडल्स १९८३ मध्ये आल्या. आंदोंच्या निस्सिन कंपनीचे ‘टॉप रामेन’ त्यानंतर, १९९१ मध्ये आले.

घरी करताना हा फरक उपयोगी पडतो. तळलेल्या नूडल्सना दोन-तीन मिनिटे पुरतात, जास्त उकळल्या की लगदा होतो. हक्का नूडल्स साधारणपणे तळलेल्या नसतात; त्या उकडून, निथळून, तेलाचा हात लावून मगच मोठ्या आचेवर भाज्यांसोबत परतायच्या. इन्स्टंट पाकिटातले बरेचसे मीठ मसाल्याच्या पुडीत असते, तेव्हा अर्धी पुडी आणि मूठभर गाजर-कोबी हा सोपा उपाय.

आंदो ५ जानेवारी २००७ रोजी ९६ व्या वर्षी वारले. इकेदातल्या संग्रहालयात त्यांच्या शेडची प्रतिकृती आहे. तिथे येणारी शाळकरी मुले स्वतः पीठ मळून, लाटून, वाफवून चिकन रामेन बनवतात.