आधी अमरेली, मग सारे राज्य

सयाजीबागेत आपण सारे जातो. पण ज्यांच्या नावाची ती बाग, त्या महाराजांचा कारभार कसा चाले, हे थोड्यांनाच ठाऊक असते.

सयाजीराव गायकवाड तिसरे यांचा जन्म ११ मार्च १८६३ रोजी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी शेतकरी घरात झाला. १८७५ मध्ये महाराणी जमनाबाईंनी त्यांना दत्तक घेतले, तेव्हा बारा वर्षांच्या गोपाळला लिहिता-वाचता येत नव्हते. १८८१ मध्ये राज्याची सूत्रे हाती आली.

राजाला हुकूम काढायला कितीसा वेळ लागतो? पण सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग त्यांनी १८९३ मध्ये आधी अमरेली भागातील मोजक्या गावांतच करून पाहिला. शेतकऱ्याचे मूल शाळेत गेले तर गुरे कोण राखणार? न पाठवणाऱ्या पालकांना दंड होई. महाराजांनी माघार घेतली नाही, घाईही केली नाही. तेरा वर्षांनी, १९०६ मध्ये, सर्व राज्याला कायदा लागू झाला, मुलींनाही! अस्पृश्य मुलांना शिकवायला सवर्ण शिक्षक तयार होईनात, तेव्हा मुसलमान शिक्षक नेमले. हे वाचताना आम्हा शिक्षकांची मान खाली जाते.

१९११ मध्ये नामदार गोखल्यांनी ब्रिटिश हिंदुस्थानासाठी असे विधेयक आणले, तेव्हा बडोद्याचा दाखला त्यांच्या हाताशी होता. ते नामंजूर झाले. देशभरासाठी शिक्षणहक्क कायदा लागू झाला एप्रिल २०१० मध्ये. महाराज ६ फेब्रुवारी १९३९ रोजी गेले, त्याला तेव्हा एकाहत्तर वर्षे झाली होती.