दि.ब. देवधर

दिनकर बळवंत देवधर (जन्म : पुणे, १४ जानेवारी १८९२, मृत्यू : पुणे, २४ ऑगस्ट १९९३) हे मराठी क्रिकेटपटू आणि पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक होते. क्रिकेटमध्येही ते 'प्रा. देवधर' म्हणूनच ओळखले जात.

डिसेंबर १९२६ मध्ये मुंबईत एम.सी.सी.विरुद्ध त्यांनी अखिल भारतीय संघाकडून १४८ धावा काढल्या. भारत १९३२ साली पहिली कसोटी खेळला तेव्हा ते चाळिशीत होते. कसोटी सामना त्यांच्या वाट्याला कधीच आला नाही.

त्यांची खरी कर्तबगारी त्यानंतरची. त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकला. पहिल्या हंगामात संघातील तरुण विजय हजारे यांनी बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या. दुसऱ्या हंगामात पुण्यात मुंबईविरुद्ध महाराष्ट्राने ६७५ धावा उभारल्या. त्यांतील २४६ पन्नाशीच्या उंबरठ्यावरील कर्णधाराच्या होत्या. मुंबईचा डाव ६५० वर आटोपला आणि अवघ्या २५ धावांच्या आघाडीने निकाल लागला. पुढे पन्नाशी उलटल्यावर नवानगरविरुद्ध त्यांनी दोन्ही डावांत शतके ठोकली.

त्यांना पद्मश्री (१९६५) व पद्मभूषण (१९९१) हे सन्मान मिळाले. विभागीय संघांची देवधर करंडक स्पर्धा १९७३-७४ पासून, म्हणजे त्यांच्या हयातीतच, सुरू झाली. तारा, सुंदर व सुमन या त्यांच्या मुलींनी बॅडमिंटनमध्ये नाव मिळवले.