शेतकऱ्याचा स्क्रू आणि गळकं जहाज

प्रोपेलर म्हटलं की आपल्याला मरीन इंजिनिअर आठवतो. पण ज्याने हा प्रोपेलर इंग्लंडच्या आरमाराच्या गळी उतरवला, तो फ्रान्सिस पेटिट स्मिथ चक्क शेतकरी होता. म्हणूनच मला हा माणूस फार आवडतो.

१८०८ साली केंट परगण्यातल्या हाइद गावी त्याचा जन्म झाला. वडील पोस्टमास्तर. स्मिथ कुरणावर जनावरं पाळायचा आणि फावल्या वेळात छोट्या बोटी बनवायचा. स्प्रिंगवर फिरणाऱ्या लाकडी स्क्रूची त्याची बोट इतकी छान पळाली की १८३६ मध्ये त्याने पेटंटच घेतलं. पुढच्या वर्षी पॅडिंग्टन कालव्यात चाचणी चालू असताना स्क्रूचा अर्धा भाग तुटला, आणि बोट थांबायच्या ऐवजी जास्तच जोरात धावली! स्मिथने त्यातून बोध घेऊन स्क्रू आखूड केला. नंतर त्याचं ‘आर्किमिडीज’ जहाज पाहून ब्रुनेलसारख्या इंजिनिअरने ‘ग्रेट ब्रिटन’ची चाकं रद्द करून स्क्रू लावला.

पण खरी कसोटी पुढेच होती. जुन्या जहाजांच्या चाकांचा शाफ्ट पाण्याच्या वर असायचा. स्क्रूचा शाफ्ट मात्र पाण्याखाली जहाजाला भोक पाडूनच बाहेर काढावा लागतो. तिथूनच पाणी आत यायला लागलं. ग्लँड कितीही आवळा, गळती पुन्हा हजर! कारण मूळ दुखणं ग्लँडमध्ये नव्हतंच. बाहेरच्या बाजूचं पितळी बेअरिंग स्क्रूच्या वजनाने आणि खाऱ्या पाण्यात भराभर झिजायचं. मग शाफ्ट खाली बसायचा, थरथरायचा आणि ग्लँडचं पॅकिंग खराब करायचा.

इंजिनं बनवणारा जॉन पेन आणि स्मिथ यांनी १८५४ च्या सुमारास यावर उपाय काढला. पितळी नळीत लिग्नम व्हायटी या जड, तेलकट लाकडाच्या पट्ट्या बसवल्या आणि मधल्या फटींतून समुद्राचं पाणी खेळू दिलं. ज्या पाण्याशी भांडण होतं, तेच वंगण झालं! झीज थांबली, शाफ्ट सरळ राहिला आणि मग आतल्या ग्लँडला आपलं काम जमू लागलं.

आपल्या लॅबमधल्या पंपाच्या ग्लँडमधून थेंब थेंब पाणी पडतं ना? पाना घेऊन तो कचकचून आवळायला गेलं की मामा ओरडतात, ते उगीच नाही. ते थेंब बंद झाले तर पॅकिंग जळेल आणि शाफ्टला चरे पडतील.

स्मिथला या सगळ्यातून फारसा पैसा मिळाला नाही. तो गर्न्सी बेटावर जाऊन पुन्हा शेती करू लागला. १८६० मध्ये पेटंट म्युझियमचा क्युरेटर झाला, १८७१ मध्ये ‘सर’ झाला आणि १८७४ मध्ये गेला. डिग्री नसलेला हा माणूस आपल्याला एवढंच शिकवून गेला: गळतंय तिथे पाना लावण्याआधी, का गळतंय ते शोधा.