गाडगेबाबांच्या दहा कामांतलं शेवटचं काम

गाडगेबाबांची दशसूत्री विदर्भातल्या बहुतेकांनी कुठे ना कुठे वाचलेली असते. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला कपडा, बेघराला आसरा, रोग्याला औषध अशी ती यादी आहे. यादीच्या शेवटी येतं दुःखी आणि निराश माणसाला हिंमत देणं.

आधीच्या नऊ कामांना काय लागतं, ते कळतं. धान्य, पैसे, जागा, डॉक्टर. या शेवटच्या कामाला नेमकं काय लागतं?

वाशिम जिल्ह्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. शेतकरी आत्महत्यांमुळे 2006 मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं. त्यात अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वर्ध्यासोबत वाशिमही होतं. पॅकेजमध्ये व्याजमाफी होती, सिंचन होतं, बियाणं होतं. खचलेल्या माणसाजवळ जाऊन बसायचं कुणी, याचं उत्तर पॅकेजमधून मिळणार नव्हतं.

कर्जाने मोडलेलं घर

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म 23 फेब्रुवारी 1876 रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. जात परीट. वडील दारूपायी गेले, तेव्हा डेबू लहान होता. आई सखुबाई त्याला घेऊन माहेरी आली. मामा चंद्रभान यांचं गाव दापुरे, तालुका मूर्तिजापूर. आजच्या वाशिमच्या कारंजा तालुक्याला लागून असलेला हा भाग. तेव्हा हे सगळं अकोला जिल्ह्याच्याच आसपासचं जग होतं; वाशिम अकोल्यातून वेगळं झालं ते 1998 मध्ये.

पुढची गोष्ट वऱ्हाडात आजही ओळखीची वाटेल. मामांनी सावकाराकडून कर्ज घेतलं होतं. डेबूजींनी राबून ते फेडत आणलं. तरी कागदपत्रांच्या डावात चांगली जमीन सावकाराच्या घशात गेली. मामांनी तो धक्का इतका घेतला की त्यातच ते गेले, असं चरित्रकार सांगतात. जमीन ताब्यात घ्यायला माणसं आली तेव्हा डेबूजी नांगर सोडून त्यांना आडवे गेले.

गाडगेबाबा पुढे आयुष्यभर कीर्तनात कर्ज आणि दारूबद्दल पोटतिडकीने बोलत राहिले, त्याचं मूळ इथे आहे. मुलीच्या बारशाला त्यांनी दारू-मटणाऐवजी गोड जेवण घातलं, तेही भावकीचा रोष पत्करून. कर्ज काढून सण साजरा करू नये, हा त्यांचा हट्ट होता. गंमत म्हणजे त्यांनी पूर्णा नदीवर जिथे घाट बांधला, त्या तीर्थक्षेत्राचं नाव ऋणमोचन.

1 फेब्रुवारी 1905 रोजी त्यांनी घर सोडलं. मागे आई होती, बायको कुंताबाई होती, लहान मुलं होती. ज्या माणसाने हजारोंना आधार दिला, त्याच्या स्वतःच्या घरातल्या बायकांनी तो आधार किती गमावला, हे चरित्रांमध्ये दोन ओळींत आटोपलं जातं. खरं तर तिथे थांबायला हवं.

आधी झाडू, मग कीर्तन

बाबांची पद्धत ठरलेली होती. अंगावर चिंध्या, हातात खराटा, डोक्यावर किंवा हातात मडक्याचं फुटकं गाडगं. गावात शिरलं की कुणालाही न विचारता झाडायला सुरुवात. थोड्या वेळाने पोरं यायची, मग मोठी माणसं. संध्याकाळपर्यंत गाव स्वच्छ व्हायचं आणि दिवसभर एकत्र राबलेली माणसं रात्री कीर्तनाला बसायची.

कीर्तनही एकतर्फी नसे. बाबा वऱ्हाडीत प्रश्न विचारायचे आणि समोरची माणसं मोठ्याने उत्तरं द्यायची. एरवी ज्यांना कुणी काही विचारत नव्हतं, अशी माणसं त्या गर्दीत बोलायची.

लोकांनी दिलेल्या पैशांतून धर्मशाळा उभ्या राहिल्या: नाशिकला, पंढरपूरला, आणि मुंबईत इस्पितळात आलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी 1949 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. म्हातारे, अपंग, महारोगी अशांसाठी सदावर्तं चालू झाली. आजारी माणसासोबत आलेल्या नातेवाइकालाही छप्पर आणि सोबत लागते, हे त्यांना त्या काळात सुचलं होतं.

संशोधन काय सांगतं?

बाबांच्या कामामुळे किती जीव वाचले, हे मोजायला कुणी नव्हतं. पण त्याच तऱ्हेचं काम पुढे मोजलं गेलं.

इटलीच्या व्हेनेतो भागात 1988 ते 1998 या काळात 65 वर्षांपुढच्या सुमारे 18,600 लोकांना एका सेवेत घेतलं गेलं. घरात मदतीसाठी दाबायचं बटण आणि आठवड्यातून साधारण दोनदा येणारा फोन, इतकंच. त्या भागातल्या एकूण प्रमाणानुसार या गटात सुमारे 21 आत्महत्या अपेक्षित होत्या, झाल्या 6. मात्र हा फरक बायकांमध्ये स्पष्ट दिसला, पुरुषांमध्ये तेवढा नाही. फोनवर मन मोकळं करणं पुरुषांना जड जातं का, हा प्रश्न आपल्याकडच्या पारावरही लागू आहे.

बाबांच्याच अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच माणसांना प्रशिक्षण देऊन नैराश्याने खचलेल्यांपर्यंत पाठवलं गेलं. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, नैराश्य असलेल्यांपैकी उपचारांपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं. आत्महत्येचा विचार मनात आल्याचं सांगणारे 5.2 टक्क्यांवरून 2.5 टक्क्यांवर आले. सोबतीला कुठलाही तुलनेचा गट नव्हता, त्यामुळे सगळं श्रेय प्रकल्पालाच देता येत नाही. तरी मदत माणसाच्या दारापर्यंत गेली तर माणूस ती घेतो, एवढं त्यातून दिसतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2025 च्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांमागे एक जण एकटेपणाने ग्रासलेला आहे. वाशिममध्ये पोरं पुण्याला आणि म्हातारे घरात, अशी कुटुंबं आता नवी नाहीत.

वलगावच्या वाटेवर

मुलगा गोविंद गेल्याची बातमी बाबांना कीर्तन चालू असताना मिळाली, तरी ते कीर्तन त्यांनी पूर्ण केलं. 1956 च्या 6 डिसेंबरला आंबेडकर गेले. तोवर बाबांची तब्येतही ढासळली होती. दोन आठवड्यांनी, 20 डिसेंबरला, अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलाशी गाडीतच त्यांचा प्राण गेला. स्वतःच्या नावावर घर नव्हतं, आणि मरतानाही ते रस्त्यातच होते. सोबत मात्र माणसं होती.

(तुम्हाला किंवा ओळखीच्या कुणाला आत्महत्येचे विचार येत असतील, तर केंद्र सरकारच्या टेली-मानस या मोफत सेवेला 14416 वर कधीही फोन करता येतो.)