गुलामांचे कैवारी कार्डिनल लाविझेरी

एकोणिसाव्या शतकात आफ्रिकेतील गुलामांच्या व्यथेकडे युरोपचे लक्ष वेधणाऱ्या व्यक्तींमध्ये कार्डिनल शार्ल लाविझेरी यांचे नाव अग्रभागी आहे. ३१ ऑक्टोबर १८२५ रोजी फ्रान्समधील बायोन शहरानजीक त्यांचा जन्म झाला. १८४९ साली गुरुदीक्षा झाल्यावर पॅरिसच्या सोरबोन विद्यापीठात त्यांनी ख्रिस्तसभेचा इतिहास शिकविला. १८६३ साली ते नान्सीचे बिशप झाले. मात्र मायदेशातील हे मानाचे पद सोडून १८६७ साली त्यांनी अल्जिअर्सचे आर्चबिशपपद स्वीकारले.

त्या सुमारास अल्जिरियात दुष्काळ व कॉलरा यांनी थैमान घातले होते. लाविझेरी यांनी शेकडो अनाथ मुलांना आश्रय दिला. १८६८ साली त्यांनी ‘व्हाइट फादर्स’ हा मिशनरी संघ व पुढच्याच वर्षी भगिनींचा संघ स्थापन केला. मिशनऱ्याने स्थानिक लोकांची भाषा बोलावी, त्यांच्यासारखे अन्न व वस्त्र वापरावे, असा त्यांचा दंडक होता. हेच मिशनरी मध्य आफ्रिकेतील सरोवरांपर्यंत पोहोचले आणि साखळदंडांनी जखडलेल्या गुलामांच्या तांड्यांची हकिकत त्यांनी कळविली.

१८८२ साली लाविझेरी कार्डिनल झाले. ५ मे १८८८ रोजी पोप लिओ तेरावे यांनी ब्राझीलच्या बिशपांना गुलामगिरीविरोधी परिपत्र लिहिले. पोप महोदयांच्या पाठिंब्याने त्याच वर्षी लाविझेरी यांनी पॅरिस, लंडन व ब्रुसेल्स येथे व्याख्याने देऊन लोकमत जागविले. १८९० साली ब्रुसेल्स परिषदेत गुलामांच्या व्यापाराविरुद्ध आंतरराष्ट्रीय करार झाला. २६ नोव्हेंबर १८९२ रोजी अल्जिअर्स येथे त्यांचे निधन झाले.

या कार्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. युरोपीय सत्तांनी गुलामगिरीविरोधाचे निमित्त करून आफ्रिकेत आपले राज्य पसरविले. लाविझेरी स्वतःही फ्रेंच सत्तेच्या छायेतच वावरले. शिवाय त्यापूर्वी अनेक शतके ख्रिस्ती लोकांनी, किंबहुना काही धार्मिक संस्थांनीही, गुलाम बाळगले होते. म्हणूनच लाविझेरी यांचे जीवन आपल्याला अभिमानाबरोबरच आत्मपरीक्षणही शिकविते.

सुदानमध्ये गुलाम म्हणून विकली गेलेली बखिता १८८९ साली इटलीत मुक्त झाली व पुढे संतपदाला पोहोचली. तिच्या सणाचा ८ फेब्रुवारी हा दिवस २०१५ सालापासून मानवी तस्करीविरोधी प्रार्थनादिन म्हणून पाळला जातो. माणसांची खरेदी-विक्री आजही थांबलेली नाही. त्या दिवशी प्रार्थना करताना, आपल्या घरी व शेतीवाडीत राबणाऱ्यांना आपण माणूस म्हणून वागवितो का, हेही प्रत्येकाने स्वतःला विचारावे.